रात्री मळी सोडणाऱ्या साहेबांस



तुमचं नाव लिहीत नाही. रात्री ज्याच्या हुकमानं साखर कारखान्याच्या आसवनीचा वॉल्व उघडला जातो, त्याला हे पत्र कुणासाठी आहे ते बरोबर कळेल.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या दिवाळीनंतर वाहायच्या थांबतात आणि बंधाऱ्यांत, डोहांत साचून राहतात. नेमका तेव्हाच उसाचा गाळप हंगाम भरात असतो. तुम्ही सोडलेलं पुढं वाहून जात नाही, तिथंच कुजतं.

वेळ मात्र तुम्ही अचूक साधता. रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं, म्हणून पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. त्यात तुमची भर. नदीत सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला लागणारा प्राणवायू, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. आसवनीच्या कच्च्या सांडपाण्याचा ४०,००० च्याही वर जातो. ती घाण कुजवताना जिवाणू उरलासुरला प्राणवायू फस्त करतात. रोहू-कटल्याला नीट वाढायला लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम लागतो. तो दोनाच्या खाली उतरला की मासे तोंड वर काढून धापा टाकतात. मरळ वरची हवा गिळून काही काळ तगते. शिंपल्याला पळताच येत नाही. तो शिंपा घट्ट मिटतो आणि आतल्या आत मरतो.

सकाळी काठाला लागलेल्या रोहूचा कल्ला एकदा स्वतः उघडून बघा. लालभडक असायचा तो तपकिरी पडलेला, चिकट बुळबुळीनं माखलेला असतो. मग पंचनामा होतो, मेलेले मासे खड्ड्यात पुरले जातात आणि प्रकरणही त्यांच्यासोबत पुरलं जातं.

पण जे जगले, त्यांचा पंचनामा कोण करतो? ताणाखाली माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. ताण टिकला की रोगाशी लढायची ताकद घटते, अंगावर जखमा चिघळतात, भूक मरते, वाढ खुंटते. मादीची अंडी नीट पिकत नाहीत. चतुराच्या अळ्या, लहान झिंगे संपले की उरलेल्यांना खायलाही काही राहत नाही. ठेका भरून, मत्स्यबीज विकत आणून सोडणाऱ्या भोई कुटुंबाचा पुढचा हंगामही असा बुडतो, आणि तो कुठल्याच कागदावर येत नाही.

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीला कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. तिथं निदान कृष्णा होती. इथं डोहात गुडघाभर पाणी उरतं, त्यात मासा जाणार कुठं?

पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यात ‘सगळं धुऊन जाईल’ हा तुमचा हिशेबही खोटा आहे. तळाचा गाळ ढवळला जातो आणि खालच्या बंधाऱ्यात तेच मरण पुन्हा घडतं. ते पाणी जनावरं पितात, तेच विहिरींत उतरतं.

नदीत घाण सोडायला मनाई करणारं १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ तुमच्या वकिलाला पाठ असेल. आसवनीनं सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, हा नियमही तुमच्या दप्तरात आहे. तेव्हा उत्तर लिहू नका. वॉल्व बंद करा. बंधाऱ्यातला प्राणवायू रोज पहाटे मोजून आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा खर्च उचला. आणि भोयांना भरपाई द्याल तेव्हा मेलेल्या माशांची देऊन थांबू नका. जे वाढलेच नाहीत, त्यांचीही द्या.

कळावे,
तेरणेकाठचा एक रहिवासी