रोज नवा बहुरूपी

खालच्या मजल्यावरून कुणीतरी आमचं वायफाय वापरतंय, या संशयावरून मी राउटरला यादी लावली. ज्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस यादीत, त्यालाच आत प्रवेश. पासवर्ड बदलला असता तर दोन मिनिटांत भागलं असतं. पण मग सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं वही उघडून बसण्याचं सुख कुठलं? बारा-बारा अक्षरांचे नऊ पत्ते मी सुवाच्य अक्षरात उतरवले. "अहो, मी आहे ना त्यात?" बायकोनं विचारलं.

ती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर राहिलो तो मीच.

लॅपटॉप काही केल्या जोडला जाईना. राउटर बंद-चालू केला, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, अडॅप्टरच गेला असं ठरवून नव्याची किंमतही काढली. शेवटी लॅपटॉपचा पत्ता नव्यानं यादीत घातला आणि नेट सुरू! तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वहीत एकाच लॅपटॉपच्या चार नोंदी झाल्या, तेव्हा कुठे मी त्या एकाखाली एक वाचल्या. एकीचा दुसरीशी मेळ नाही. फक्त प्रत्येकीचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी एक.

चोर तिथे सापडला. कारखान्यातून मिळालेल्या पत्त्याची पहिली सहा अक्षरं म्हणजे कंपनीचं आडनाव. दुसऱ्या जागी या चारांपैकी एक आलं, की पत्ता यंत्रानं स्वतःच रचलेला समजावा. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस'ची सोय असते. आमच्या नेटवर्कपुढे 'रोज बदला' निवडलेलं होतं. कुणी निवडलं, ही चौकशी मी फार ताणली नाही.

सोय मात्र वाईट नाही. २०१३ साली लंडनच्या सिटी भागात रस्त्यावरच्या कचरापेट्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनचे हे पत्ते टिपत होत्या. ओरड झाल्यावर ते थांबवावं लागलं. कचरापेटीनं ओळख ठेवावी, इतके आपण कुणी नाही. म्हणून स्टेशनवर, हॉटेलात लॅपटॉपनं खुशाल सोंगं घ्यावीत. घरच्या नेटवर्कपुरतं मी ते बटण बंद केलं.

तुमचंही यंत्र रोज सकाळी अनोळखी होत असेल, तर नवा अडॅप्टर आणण्याआधी पत्त्याचं दुसरं अक्षर तेवढं पाहा. खालच्या मजल्यावर, नंतर कळलं, त्यांचं स्वतःचं फायबर आहे, आमच्यापेक्षा वेगवान.