पर्यावरणस्नेही श्वानपालन: नवशिक्यांसाठी धडा पहिला

कुत्रा पाळायचा आणि पृथ्वीही वाचवायची, असा दुहेरी संकल्प सोडल्याबद्दल प्रथम अभिनंदन. सुरुवात अर्थातच खरेदीपासून करावी. निसर्गावर प्रेम जडलं की माणसाने आधी काहीतरी विकत घ्यायचं, हा हल्लीचा शिरस्ता आहे. बांबूचा वाडगा, तागाचा पट्टा, सेंद्रिय कापसाची गादी. कुत्रा यायच्या आत कुरियरवाला घरचा होऊन जातो. गादी कुत्रा फाडतो आणि खोक्यात झोपतो.

मग जात. लग्नाच्या पत्रिकेतही पाहत नाही इतकी बारकाईने पाहावी. बर्फावरून गाड्या ओढण्यासाठी सैबेरियात घडलेला हस्की कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यासाठी उत्तम. त्याच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असल्यामुळे मार्च सरला की एसी सुरू. दीड टनी एसी रात्रभरात आठ-दहा युनिटं सहज खातो, आणि आपली बहुतेक वीज कोळशाची असल्याने युनिटामागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड वर जातो. ‘आम्हाला नाही हो लागत, त्याच्यासाठी लावतो,’ असं मालक सांगतात. झोपतात मात्र त्याच खोलीत. वंशावळीचीच हौस असेल तर आपला कारवान किंवा शेजारच्या कर्नाटकातला मुधोळ आहे. ऊन त्यांना नवं नाही. पण त्यांना पळायला माळ लागतो, तुमची बाल्कनी पुरणार नाही.

खाण्याचा विषय जरा गंभीर आहे. न्यूझीलंडच्या रॉबर्ट आणि ब्रेंडा वेल या दांपत्याने 2009 मध्ये ‘टाइम टू ईट द डॉग?’ नावाचं पुस्तक लिहिलं. मध्यम आकाराच्या कुत्र्याला वर्षभर पोसायला 0.84 हेक्टर जमीन लागते, तर लँड क्रूझर वर्षाला दहा हजार किलोमीटर पळवली तरी तिचा भार 0.41 हेक्टर, असा त्यांचा हिशेब. त्यावर बराच वाद झाला. कुत्र्याच्या पोटात जाणारं बरंचसं मांस माणसाने नाकारलेलं असतं, ते सगळं त्याच्या नावावर कसं मांडायचं? आक्षेप रास्त आहे. पण मग कुत्र्याला खरोखरच नाकारलेलं घालायला हवं. चिकनवाल्यापुढे ‘कुत्र्यासाठी’ एवढं म्हटलं की तो पुढचं न विचारता पाय आणि माना पिशवीत भरतो. ते शिजवावं, हाडं वेचून काढावीत, भातात कालवावं. मीठमसाला नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, कुत्र्याला ते विषारी. तुम्हाला हे कमीपणाचं वाटत असेल तर परदेशी सामन माशाची पाकिटं मागवा. घरची माणसं पिठलं-भात खात असताना कोपऱ्यात सामन वाढलेला दिसला की पाहुण्यांवर छाप पडते.

फिरवणं. वेल यांच्या हिशेबात कुत्रा आणि गाडी हे वेगवेगळे पर्याय होते. पुण्यात दोन्ही एकत्र सापडतात, कारण कुत्रा गाडीत बसून वेताळ टेकडीवर पायी फिरायला जातो. तिथे साखळी सोडावी आणि तो मोरांमागे धावला की ‘काही करत नाही तो’ असं ओरडावं. गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी बेल्जियममधल्या राखीव जंगलांत मोजणी केली. 2022 मध्ये त्यांनी सांगितलं, की कुत्र्यांच्या शी-शूतून तिथे हेक्टरी वर्षाला 11 किलो नायट्रोजन आणि 5 किलो फॉस्फरस पडतो. फुकटचं खत म्हणून खूश होऊ नका. अशा खतावर मोजकीच दांडगी झाडं माजतात आणि हलक्या जमिनीवरची नाजूक रानझुडपं मागे पडतात.

आता पिशवी, म्हणजे या धड्यातलं कलाकुसरीचं काम. हिरवी पिशवी घ्यावी, जिच्यावर पान छापलेलं असतं. हातमोज्यासारखी चढवून शी उचलावी, पिशवी उलटी करावी, सुबक गाठ मारावी, आणि ती करंजाच्या बुंध्याशी ठेवून द्यावी. ठेवावी हं, टाकू नये, टाकणं असंस्कृतपणाचं. ती पुढे कचरावेचक ताईंच्या हाताखालून जाते आणि ढिगात दबते. तिथे हवा नाही, म्हणून विघटनशील पिशवीही नीट कुजत नाही, आणि आतला ऐवज सडून मिथेन सोडतो. यापेक्षा कालचा पेपर बरा. शी उचलून घरच्या संडासात, पेपर कचऱ्यात. भाजीच्या कुंडीत मात्र घालू नका, कारण तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

शेवटी किंमत. हस्कीला हजारो रुपये पडतात. तुमच्या सोसायटीच्या गेटापाशी, उभ्या गाडीच्या सावलीत एसीवाचून झोपलेलं गावठी पिल्लू फुकट आहे. ते घरी न्या, महापालिकेचा परवाना काढा, वयात आलं की नसबंदी करून घ्या, आणि रेबीजची लस चुकवू नका.