आकाशाचे आठ वाटे

केपटाउन सोडून दक्षिणेला 40 अक्षांश ओलांडला की खलाशांच्या भाषेत ‘गर्जणारे चाळीस’ सुरू होतात. मग खवळलेले पन्नास, त्यापुढे किंचाळणारे साठ. इथे वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. तो पश्चिमेकडून पृथ्वीला प्रदक्षिणा घालत सुटतो आणि वाटेत एखादं भाड्याचं रशियन जहाज दिसलं की त्याला गदागदा हलवून पुढे जातो. 1981 साली डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली, तेव्हा मंडळींना पोट रुळवायला निदान अर्धा हिंदी महासागर मिळाला होता. आम्ही केपटाउनहून थेट आखाड्यात.

मोहिमेत मी हवामान निरीक्षकांचा मदतनीस. म्हणजे वही धरायची, पेन्सिल धरायची आणि उरलेल्या अवयवांनी कठडा धरायचा. नोंदी दर तीन तासांनी. मध्यरात्रीची नोंद जगभर ग्रीनिचच्या मध्यरात्रीला होते, म्हणजे आमच्या घड्याळात पहाटे दोनला. त्या वेळी गच्च गोधडीत असलेल्या शास्त्रज्ञांबद्दल मनात जे येतं त्याला नोंदवहीत रकाना नाही.

आकाशाचे आठ वाटे करायचे आणि त्यातले किती ढगांनी घेतले ते लिहायचं. दक्षिण महासागरात हे काम सोपं आहे.

‘‘किती?’’

‘‘आठ.’’

‘‘कालचं विचारत नाहीये हो, आजचं!’’

‘‘आजचंही आठच.’’

धुक्यात आकाशच दिसत नसेल तर? त्यालाही आकडा आहे, 9. न दिसलेल्या गोष्टीला दिसलेल्या गोष्टीपेक्षा एक गुण जास्त देणारं शास्त्र मला फार आवडलं.

वाऱ्याचं दुखणं वेगळं. डोलकाठीवरचं यंत्र जहाजाचा वेगही वाऱ्यातच धरतं. हवा निपचित पडलेली असली तरी जहाज 12 नॉटनं चाललं की यंत्र म्हणतं, समोरून 12 नॉट वारा आहे. मग जहाजाचा वेग आणि दिशा वजा करून खरा वारा काढायचा. शाळेत पोट ठीक असतानाही मला ही गणितं जमत नव्हती. म्हणून जोडीला ब्यूफोर्टची फूटपट्टी असते, 0 ते 12. समुद्राकडे बघायचं, लाटांचे माथे फुटून फेस वाऱ्यासोबत पट्ट्यापट्ट्यांनी ओढला जाऊ लागला की 7 लिहायचं. आम्ही मात्र जेवणघरात दुसरी फूटपट्टी वापरत होतो. मिठाची बाटली सरकली तर 5. आचाऱ्यानं ताटं घसरू नयेत म्हणून टेबलक्लॉथ ओला केला तर 7. बोर्श सूपचं भांडं बाहेर आलंच नाही तर 9, आणि त्या दिवशी कोरडा पाव, लोणचं आणि मौन.

मोठा सोहळा फुग्याचा. फुग्याखाली एक पांढरी डबी लटकते. ती तापमान, आर्द्रता नि वाऱ्याचे आकडे रेडिओवरून खाली पाठवते. मागच्या डेकवर हेलियम भरताना फुगा मोकाट वासरासारखा हुंदडतो. दोघांनी त्याला धरायचं, तिसऱ्यानं डबी कठड्याला आपटू नये म्हणून दोरीसोबत नाचायचं. वरून ब्रिजवाले जहाजाचं तोंड फिरवून वारा सोयीचा करतात. ‘‘सोडा!’’ म्हटलं की तो सेकंदाला पाच मीटर वेगानं ढगात शिरतो. दीड तासात सत्तावीस किलोमीटर वगैरे चढतो, विरळ हवेत फुगत फुगत फुटतो, आणि डबी समुद्रात.

हे ऐकून भांडारप्रमुखांचा चेहरा पडला. हातमोज्यांच्या जोडीसाठी तीन सह्या घेणारा माणूस तो.

‘‘डबी परत मिळत नाही?’’

‘‘नाही, साहेब.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज.’’

त्यानंतर ते फुग्याच्या वेळी डेकवर येईनासे झाले. खरं तर या समुद्राच्या पसाऱ्यात जहाजं थोडी, वस्ती जवळपास शून्य. म्हणून खलाशीही बघत नाहीत अशा पाण्यावरून गेलेला एकेक आकडा जगभरच्या हवामान केंद्रांना हवाच असतो.

जहाजावर मात्र कुणालाच हा आकडा नको होता. प्रत्येकाला उद्या हवा होता. डॉक्टर, आचारी, सगळे विचारायचे, ‘‘उद्या काय?’’ आम्ही फक्त आत्ताचं लिहितो हे त्यांना पटेना. उद्याचे नकाशे उपग्रहावरून थेट ब्रिजवर यायचे आणि कप्तान त्यांच्यापेक्षा खिडकीबाहेर जास्त बघायचा.

बर्फाच्या कड्याशी पोचल्यावर लाटा थांबल्या, पण हेलिकॉप्टरचे वैमानिक सुरू झाले. भारताच्या ‘मैत्री’ तळाकडे सामान न्यायला त्यांना क्षितिज हवं होतं, आणि पांढऱ्या ढगाखाली पांढरा बर्फ असला की क्षितिज पुसून जातं.

‘‘साहेब, आकाश किती?’’

‘‘आठ.’’

‘‘आणि क्षितिज?’’

निरीक्षकांनी चष्मा पुसला, परत लावला, परत काढला.

‘‘त्याचे वाटे करायची पद्धत नाही. चहा घ्या.’’