मसुराएवढी फट

जूनमधल्या एका रविवारी मी डोणज्याहून सायकल मारत घरी आलो. बायकोने दार उघडलं, मला समोरून पाहिलं आणि "ये" म्हणाली. बूट काढायला मी पाठमोरा झालो, तशी किंचाळली, "थांब! तिथेच थांब!"

मानेपासून बैठकीपर्यंत चार बोटं रुंदीचा चिखलाचा पट्टा उमटला होता. प्रभू रामचंद्रांनी मायेने बोटं फिरवली म्हणून खारीच्या पाठीवर पट्टे आले म्हणतात. माझ्या पाठीवरून सिंहगड रस्त्याने हात फिरवला होता, आणि त्यात माया नव्हती.

आरामखुर्चीतून अण्णांनी चष्मा वर केला. "तुझ्या सायकलीला मडगार्ड नाही?"

"अण्णा, ती रोड बाईक आहे."

"म्हणजे रोडवरच चालवतात ना? मग रोड अंगावर कशाला घेतोस?"

अण्णांना हे विचारण्याचा अधिकार आहे. शनिवार पेठ ते दापोडी आणि परत, अशी तीस वर्षांची नोकरी त्यांनी एका काळ्या ॲटलसवर केली. तिला दोन्ही चाकांना पत्र्याची मडगार्डं होती, मागच्याचं शेपूट पांढरं रंगवलेलं. शिवाय चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी, डायनॅमो. टायर आणि मडगार्ड यांच्यात एवढी ऐसपैस जागा, की चिमणीने घरटं बांधलं असतं तरी अण्णा वेळेवर कामावर पोचले असते. माझ्या सायकलीला यातलं काहीही नाही. आणि हे सगळं नसण्याचे किती पैसे पडतात, ते अण्णांना मी अजून सांगितलेलं नाही.

चिखल उडतो तो मात्र शास्त्रशुद्ध उडतो. टायर रस्त्यावरचं पाणी थोडा वेळ कडेवर घेतो आणि मग स्पर्शिकेच्या दिशेने भिरकावून देतो. मागचं चाक पाठीवर लिहितं, पुढचं बुटांत आणि पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर. शाळेत स्पर्शिका शिकवताना सर म्हणाले होते, "पुढे उपयोग होईल." त्यांनी "पुढे" म्हटलं होतं. उपयोग मागे झाला.

त्या रात्री मी अभ्यासाला बसलो. तेव्हा कळलं, की इंग्लंडातल्या कित्येक सायकल क्लबांत हिवाळ्यात मडगार्ड लावून येणं ही सभ्यता मानतात, आणि हौशी माणसं त्यासाठी खास हिवाळी सायकल बाळगतात. ही माहिती मी घरात सहज म्हणून सांगितली. बायको म्हणाली, "बाळग की. तुझ्या कपाटात."

म्हणजे आहे त्याच सायकलीला मडगार्ड बसवणं आलं. मी पस्तीस मिलिमीटर रुंदीची प्लास्टिकची जोडी मागवली. पंचवीस मिलिमीटरच्या टायरला ती बरोबर होते, असं खोक्यावरच छापलं होतं. खोकं प्रामाणिक होतं, टायर नव्हता. त्याच्या अंगावर २५ लिहिलेलं, पण व्हर्नियर लावला तर २७. रिम रुंद असली की टायर लग्नानंतरच्या नवरदेवासारखा फुगतो.

खरा घोळ ब्रेकपाशी होता. अशा सायकलीचा ब्रेक टायरच्या डोक्यावर कमानीसारखा बसतो, आणि मडगार्डला त्या कमानीखालून जावं लागतं. ही फट मोजायची पद्धत म्हणजे तिच्यात ॲलन की घालून पाहणं. चारची गेली, पाचची अडकली. बायकोने स्वयंपाकघरातून येऊन स्वतंत्र चौकशी केली आणि निकाल दिला, "मसूर जाईल, हरभरा नाही." चिखल आणि खडे निघून जावेत म्हणून टायर आणि मडगार्ड यांच्यातच चार-पाच मिलिमीटर मोकळे हवेत, आणि इथे एकूण मालमत्ता चार. म्हणजे मडगार्ड बसणार होतं, फक्त त्याची जाडी शून्य हवी होती.

पहिला उपाय टायर बदलण्याचा. तेवीसचे घातले. फट दीड मिलिमीटरने वाढली. तेवढ्या दीड मिलिमीटरच्या मोबदल्यात पुण्यातला प्रत्येक खड्डा मला व्यक्तिशः ओळखू लागला. चार दिवसांनी कंबरेने राजीनामा दिला आणि पंचवीसचे परत आले. दुसरा उपाय म्हणजे मडगार्ड ब्रेकखाली चेपणं. त्यासाठी बायकोचा हेअर ड्रायर घेतला. प्लास्टिक मऊ झालं, वाकलं आणि नको त्या ठिकाणी कायमचं तसंच राहिलं. हेअर ड्रायरला जळका वास येतो, ही तक्रार पुढे महिनाभर चालली.

शेवटी सायकल घेऊन पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी ती एका बोटाने उचलली, खाली ठेवली, चिमट्याला नाक लावून पाहिलं आणि विचारलं, "मडगार्डच्या काड्या कुठे आवळू? भोकंच नाहीत."

"काका, रेसची सायकल आहे."

"मग तुम्ही रेसमध्ये आहात का?"

मी पोटाकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. तो विषय तिथेच संपला.

मग काकांनी करवत काढली. माझ्या देखत दोन्ही मडगार्डांचे ब्रेकखालून दोन-दोन तुकडे केले. "इथं जागा नाही ना? मग इथून जायचंच नाही. तेवढ्यापुरता ब्रेकच मडगार्ड समजा." तुकड्यांच्या कडा कानशीने घासल्या, ब्रेकच्या बोल्टमध्ये एल आकाराच्या पट्ट्या घालून त्यांना तुकडे टांगले. जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून चिमट्यावर क्लिपा आवळल्या. आठवडाभर मी जे मिलिमीटरने मागत होतो, ते त्यांनी तासाभरात न मागताच मिळवलं. शेवटी मागच्या मडगार्डाला ट्यूबचाच एक लांब फ्लॅप लावला, जवळजवळ जमिनीला टेकणारा.

"हा कशाला?"

"मागून येणाऱ्याचे तळतळाट नकोत."

पहिल्याच फेरीत सायकल बोलू लागली. हळू चालवली की खर्र, जोरात चालवली की किर्र. एक काडी दोन आटे सैल केली, आवाज गेला. पलीकडची काडी खडखडू लागली. ती आवळली, पहिला आवाज परत. संसारात याला समन्वय म्हणतात. राजाराम पुलाच्या सिग्नलला वेगळाच प्रकार घडला. पुढचं मडगार्ड हळू वळताना बुटाच्या टोकाला अडलं, बूट पेडलमध्ये खिळलेले, आणि मी मुळापासून तोडलेल्या झाडासारखा संथपणे, सर्व वाहनांना पुरेशी सूचना देत आडवा झालो. एका रिक्षावाल्याने उतरून आधी सायकल उचलली, मग मला. "मडगार्ड छान बसवलंय," म्हणाला.

पुढच्या रविवारी आम्ही आठ जण निघालो. मडगार्डवाला मी एकटाच. सुरुवातीला तरण्या पोरांनी नेहमीचं हसून घेतलं. नांदेड फाट्याच्या पुढे पाऊस कोसळू लागला आणि चमत्कार झाला. एरवी मला शेवटून पहिला सोडणारी ती सगळी पोरं माझ्या मागे आली. मी वेग वाढवला, तीही वाढवत होती. मी कमी केला, तरी पुढे कोणी जाईना. मागे कुजबुज, थोडी लोटालोटी. अखेर आपला अनुभव यांना कळला, असं वाटून मला भरून आलं. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं भाजणाऱ्यांनी मान वर करून पाहिलं तेव्हा आठांच्या रांगेचा नायक मी होतो.

डोणज्याला कांदाभजी खाताना एकाने मन मोकळं केलं. "दादा, तुमच्या मागे काय मस्त वाटतं! तोंडावर एक थेंब नाही." दुसरा कुरकुरला, "याने पूर्ण रस्ता जागा अडवली. मी याच्या मागे होतो, बघा माझं काय झालंय." लोटालोटी माझ्या मागच्या त्या एकाच जागेसाठी होती. ट्यूबच्या तुकड्याने मला नेता केलं होतं.

परतताना पाय संपले आणि मी माझ्या हक्काच्या जागी, शेवटी आलो. आता पुढे सात सायकली होत्या. सातही बिनमडगार्डच्या.

बायकोने दार उघडलं, मला समोरून पाहिलं आणि म्हणाली, "थांब! तिथेच थांब!" मी काही न बोलता, अभिमानाने, पाठमोरा झालो. पाठ परीटघडीची होती. "ये," ती नाइलाजाने म्हणाली.

अण्णांनी चष्मा वर केला. माझ्या तोंडावरचा सिंहगड रस्ता त्यांनी शांतपणे वाचून काढला.

"पुढच्याला बसवायचं राहिलं वाटतं."

"दोन्ही चाकांना बसवलंय, अण्णा."

"चाकाला नव्हे रे. पुढच्या माणसाला."