वीतभर नेचा आणि हातभर हौस

थंड डोंगरात गेलेल्या माणसाने तिथल्या हवेला नावे ठेवावीत, असा प्रघात आहे. वुडसिया इल्व्हेन्सिस या नेच्याला मात्र हवा नव्हे, प्रवासी बाधले. नॉर्वेपासून कॅनडापर्यंतच्या गारठ्यात, खडकाच्या भेगेत हा वीतभर जीव बिनतक्रार नांदतो. पानांच्या पाठीला तांबूस लव. पाने वाळली की देठावरच्या ठरलेल्या सांध्यातच मोडतात, आणि मागे एकसारखे खुंट उरतात. हिवाळ्याआधी न्हाव्याकडे जाऊन आल्यासारखे! इतक्या टापटिपीच्या गृहस्थाला ब्रिटनमध्ये घरघर लागली, ती व्हिक्टोरियन पर्यटकांच्या प्रेमाने. नेच्यांचे वेड तेव्हा असे पसरले होते, की लेखक चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ मध्ये त्याला रोगाला शोभेल असे 'टेरिडोमेनिया' हे नाव दिले. लंडनच्या कोळशाच्या धुरात नेचे तगत नसत. वॉर्ड नावाच्या गृहस्थांच्या बंद काचपेटीने त्यांना घरात तगवण्याची सोय केली. मग डोंगर चढायचा तो देखाव्यासाठी नव्हे, दिवाणखान्यासाठी. वेल्समधल्या स्नोडनवर विल्यम विल्यम्स हा वाटाड्या पाहुण्यांना दुर्मीळ वनस्पती दाखवी. १८६१ मध्ये याच नेच्याचा भाऊबंद, वुडसिया अल्पिना, काढताना तो कड्यावरून कोसळून गेला. हौस पाहुण्यांची, कडा वाटाड्याचा.

कोणी म्हणेल, ब्रिटनमध्ये हा नेचा मुळातच मोजका. दोष संग्राहकांच्या माथी का? पण ज्याच्या गोठ्यात शंभर म्हशी, त्याची एक गेली तर तो हळहळतो. ज्याच्याकडे एकच, तो आयुष्यातून उठतो. शिवाय दुर्मीळ म्हणूनच तर तो हवा होता! दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संग्राहकांनी वाळवून ठेवलेल्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांमुळेच तो कुठे कुठे होता हे कळते. कबूल, पण चोराने पावती ठेवली म्हणून चोरीची खरेदी होत नाही. आणि उरलेल्यांचे हाल थंडी-उन्हाने केले नसतील असेही नाही. मात्र दहा रोपांच्या वस्तीला जो उन्हाळा बाधतो, तो शंभरांच्या वस्तीला पचवता येतो.

प्रेम एवढे वाईट, तर डोंगरात जाऊच नये का? जावे, पण एडिनबराच्या वनस्पती उद्यानातल्या लोकांसारखे. त्यांनी बीजाणूंपासून रोपे वाढवली आणि १९९९ पासून ती पुन्हा कड्यांवर नेऊन लावली. चढताना हात भरलेले, उतरताना रिकामे: दीडशे वर्षांच्या पर्यटनात सामानाचा हिशेब प्रथमच बरोबर जुळला.