चार हजारांची पक्कड

उट्रेख्ट, रविवार दुपार

तीर्थरूप बापू आणि आत्या,

मागच्या पत्रात ‘मी, मी’ फार झालं, असं बापूंनी फोनवर सुनावलं. ‘जरा मासिकातल्यासारखं लिहीत जा, तिऱ्हाईतासारखं,’ असा हुकूमही सुटला. तेव्हा या खेपेला पत्र सूनबाई लिहीत नाही. सूनबाईच्या घरात काय चाललंय ते एक तिऱ्हाईत वार्ताहर कळवतो आहे. वार्ताहराच्या डाव्या हाताला कणीक लागलेली आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.

पहिली बातमी त्याच फोनची. बापूंचा आवाज असा खोल गेलेला, की घरात कुणाचं बरंवाईट झालं की काय असं वाटावं. थोरल्या वन्संनी नेहमीप्रमाणे नको ती खबर नको तिथे पोचवली होती: कारभाऱ्यांनी सायकलची तार कापायला चाळीस युरोंची पक्कड घेतली. बापूंनी तिथल्या तिथे शंभराने गुणलं. मग विचारलं, ‘त्याची नोकरी शाबूत आहे ना?’

नोकरी शाबूत आहे. डोक्याबद्दल सूनबाई हमी देत नाही.

मुळात हा देश तव्यासारखा सपाट. युरोपातल्या त्यांच्या भूमीवरचं सगळ्यात उंच ठिकाण फाल्सरबर्ग, 322 मीटर. आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यात 1646 मीटरचं कळसूबाई उभं आहे, तिथला माणूस इथे येऊन सात गिअरची सायकल घेतो, तेव्हा शेजारी हसतात. पण चढ नसला तरी समोरून वारा येतो, आणि तो असा येतो की पायडल मारूनही माणूस जागच्या जागी. गिअर त्याच्यासाठी. सूनबाईची सायकल मात्र जुन्या वळणाची, पायडल उलटं फिरवलं की थांबणारी. तिला एकही तार नाही, म्हणून तिचा या प्रकरणाशी संबंध नाही, हे वार्ताहर निःपक्षपातीपणे नोंदवतो.

आता किमतीचं. हिवाळ्यात इथे सायकलच्या रस्त्यांवरही बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी तारेच्या नळीत शिरतं, आतली तार गंजते, गिअर अडायला लागतो. कारभारी सायकल घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने वही उघडली आणि सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. तार बदलायची मजुरी धरून पस्तीस युरो. तार स्वतः पाच-सहा युरोंची, बाकी मजुरी. कारभाऱ्यांनी विचारलं, ‘आत्ता थांबतो, करून देता का?’ तो माणूस असा बघत राहिला, जणू त्याच्याकडे मुलीचा हात मागितला. आपल्या नेवाशाच्या स्टँडजवळ सायकल उलटी करायची, चहा येईपर्यंत काम उरकायचं, पैसे ‘द्या नंतर’, ही गोष्ट त्याला सांगूनही पटली नसती.

घरी येऊन कारभाऱ्यांनी हिशेब मांडला. घरात त्यांची आणि दोन पोरांची मिळून तीन तारवाल्या सायकली. प्रत्येकीची तार आज ना उद्या जाणार. म्हणजे हत्यार दुसऱ्या दुरुस्तीतच सुटतं आणि पुढचं सगळं फायद्यात. हा हिशेब सूनबाईने तपासला. तो बरोबर निघाला, याचं तिला वाईट वाटलं.

(इथे पत्र थांबलं होतं. डाळ उतू गेली.)

बापूंचा पुढचा मुद्दा असा, की साध्या पकडीने तार तुटत नाही का? नाहीतर छिन्नी ठेवायची आणि हातोडीचा एक घाव घालायचा, आपला सायकलवाला तेच करतो. आणि बापूंच्या हर्क्युलसला आजवर कधी लागली का अशी पक्कड? नाही लागली, कारण त्या सायकलला तारच नाही. तिचे ब्रेक दांड्यांचे. मूठ दाबली की दांडी ओढली जाते आणि रबर रिमला खालून जाऊन भिडतं. तिथे कापण्यासारखं काही नाही, म्हणून ती सायकल अजून उभी आहे.

तारेची भानगड अर्नेस्ट बोडेन नावाच्या माणसाने 1896 साली पेटंट घेतल्यापासून सुरू झाली. वळणावळणाच्या नळीत सरकणारी तार, एका टोकाला ओढली की दुसऱ्या टोकाला ब्रेक लागतो. ही तार दिसते एक, पण असते बहुधा एकोणीस बारीक पोलादी तारांचा पीळ. ब्रेकची साधारण दीड मिलिमीटर जाड, गिअरची त्याहून बारीक, 1.1 किंवा 1.2. साधी पक्कड किंवा इलेक्ट्रिशियनचा कटर दोन धारा समोरासमोर आणून तार चिमटतो. तार चपटी होते, पीळ सुटतो, टोकाला केरसुणी होते. मग ते टोक नळीत जात नाही, गेलं तरी एखादा तंतू बोटात जातो. चांगल्या कटरचे जबडे आकड्यासारखे वळलेले असतात. ते आधी तारेला कवेत घेतात आणि मग कात्रीसारखे एकमेकांच्या बाजूने सरकतात, त्यामुळे तार पळत नाही, चपटी होत नाही.

बाहेरच्या नळीचं दुखणं आणखी नाजूक. ब्रेकच्या नळीत पोलादी पट्टीची गुंडाळी असते. गिअरच्या नळीत मात्र तारा लांबीला समांतर घातलेल्या असतात, दाबाखाली नळीची लांबी बदलू नये म्हणून. कारण गिअरच्या एका खटक्याला तार साधारण दोन-तीन मिलिमीटर सरकते. तेवढ्यात सगळा खेळ. नळीचं टोक चेंगरलं किंवा तिरकं कापलं गेलं, की त्यातला मिलिमीटर तिथेच खर्च होतो आणि पाचवा गिअर टाकला तर सायकल चौथ्यात की सहाव्यात याचा विचार करत बसते.

म्हणून नळी कापायची ती एका झटक्यात, जुनी तार आत असतानाच, म्हणजे नळी आतून दबत नाही. मग कानशीने तोंड सपाट करायचं, आतली प्लास्टिकची भिंत मिटली असेल तर टोच्याने उघडायची आणि वर टोपी चढवायची. कारभारी हे सगळं ज्या गांभीर्याने करतात, तेवढ्याने आपल्या घरात सत्यनारायणही झालेला नाही.

दुकानात मात्र फसायला जागा आहे, आणि तिकडे आपल्या मन्याने गिअरची सायकल घेतली असं कळलं म्हणून हे जरा सविस्तर. ‘केबल कटर’ म्हणून जी हत्यारं सगळ्यात आधी पुढे येतात, त्यातली बरीच विजेच्या तारांसाठी असतात, तांब्यासाठी नाहीतर ॲल्युमिनियमसाठी. त्यांचे जबडे मोठे गोलाकार, दिसायला रुबाबदार. पण पोलादी तार कापली की पहिल्याच दिवशी धारेला खाच पडते. मन्याने दुकानदाराला ‘ही पोलादी दोरासाठी आहे का’ एवढं एकच विचारावं. दुकानदार ‘सगळं कापतं’ म्हणाला, तर बाहेर पडावं.

दुसरं, मधल्या खिळीला नट असावा. वापरून वापरून पाती सैल होतात. नट आवळता आला तर कटर वर्षानुवर्षं जातो. रिव्हेट ठोकून बंद केलेली असेल तर सैल झाल्या दिवशी तो भंगारात. धार बघायची तर दुकानातच एका तारेचा तुकडा कापून टोक बघावं, गोल राहिलं की झालं.

कारभाऱ्यांनी घेतलेला कटर फेल्को या स्विस कंपनीचा, सी-7. ही कंपनी 1945 सालची, आणि तिचं खरं नाव झाडांच्या छाटणीच्या कात्रीमुळे. तिच्या कात्रीचा प्रत्येक सुटा भाग वेगळा विकत मिळतो, हे डाळिंबवाल्या दाजींना सांगावं, म्हणजे दर हंगामाला नवी कात्री घेतल्याची तक्रार थांबेल. अमेरिकेची पार्क टूल, जर्मनीची क्निपेक्स यांचेही चांगले कटर आहेत. कारभाऱ्यांनी सगळ्यांचे व्हिडिओ बघितले. त्या रात्रींत सूनबाईने एक आख्खी कादंबरी संपवली.

आता या देशाचा नियम ऐका. इथल्या कितीतरी नगरपालिकांच्या नियमावलीत असं कलम आहे, की घरफोडीची हत्यारं घेऊन सार्वजनिक जागी फिरायचं नाही. हत्यार त्या कामासाठी नसेल तर सूट आहे. पण ज्या कटरने ब्रेकची तार कापते त्यानेच स्वस्तातलं केबलचं कुलूपही कापतं. आणि इथे माणसांपेक्षा सायकली जास्त, चोरही हौशी. उट्रेख्टच्या स्टेशनखाली 12,500 सायकलींचा तळ आहे, 2019 मध्ये पूर्ण झालेला, जगातला सगळ्यात मोठा. अशा गावात एक सावळा, दाढी वाढलेला माणूस संध्याकाळी पिशवीत कटर घेऊन सायकलींच्या रांगेतून चाललाय, हे दृश्य डोळ्यापुढे आणावं.

म्हणून मित्राची सायकल दुरुस्त करायला जाताना कारभारी कटरबरोबर नवी तार, टोप्यांची डबी, कटरची पावती आणि स्वतःचा सायकलसकट फोटो घेऊन जातात. अजून कुणी अडवलेलं नाही. अडवलं नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटतं, कारण उत्तर पाठ आहे.

आणि हा माणूस कुठला? ज्या तालुक्यात शनि शिंगणापूर आहे तिथला. प्रथेप्रमाणे तिथे घरांना दारं नसतात, 2011 साली युको बँकेने तिथे शाखा उघडली तीही कुलपाशिवाय. हे इथल्या ऑफिसात सांगितलं तर लोक गूगलवर शोधून खात्री करतात. मग कारभारी छाती काढून नेवाशाचा नकाशा उघडतात आणि प्रवरा नदीवर बोट ठेवून बराच वेळ काही बोलत नाहीत.

बाकी घरच्या बातम्यांना उत्तरं. धाकट्या काकूंच्या सुनेने वेगळी चूल मांडली, यात सूनबाईचं काही मत नाही. म्हणजे आहे, पण ते वन्संना कळू नये. घोडेगावला कांद्याचा भाव पडला हे वाचून वाईट वाटलं. इथे कांदा महाग आहे, आणि रडवतही नाही. आत्यांच्या गुडघ्याला तेल पुरणार नाही, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करावेत. बापूंनी पैस खांबाच्या देवळापर्यंत सायकलवर जाणं बंद केलं म्हणे, असं मन्या सांगत होता. खरं का?

हे ऐकल्यापासून कारभारी जरा गप्प आहेत. बापूंच्या त्या सायकलच्या पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसवलेलं पोर म्हणजे तेच. परवा सायकल उलटी करून बसले होते, हाताला काळं तेल, आणि मध्येच म्हणाले, ‘नेवाशात आत्ता किती वाजले गं?’ उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. हे त्यांना माहीत नाही असं थोडंच आहे. सूनबाईने वेळ सांगितली आणि चहा ठेवला.

पार्सल पोचलं. कुरडया शाबूत, शेंगदाण्याची चटणी डब्यातून जरा सांडलेली, पण कागदासकट संपली. बापूंनी खोक्याला बांधकामाची तार आवळली होती. ती कापायला सूनबाई नवा कटर घेऊन निघाली, तेव्हा घरात जो आरडाओरडा झाला तो शेजाऱ्यांनीही ऐकला. कडक तार, खिळे, स्पोक यांना ही धार लावायची नाही, असा घरचा नवा नियम आहे. खोकं शेवटी जुन्या पकडीने उघडलं. पुढच्या वेळी सुतळी पुरे. तूप आणि खव्याचं काही पाठवू नये. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ पार्सलने आणायला इथे बंदी आहे, आणि आत्यांचं तूप कचऱ्यात गेलेलं सूनबाईला बघवणार नाही.

ता. क. वार्ताहर आता रजा घेतो, हे सूनबाईचं. बापू, मोहिनीराजाच्या यात्रेची तारीख लगेच कळवा. विमानाची तिकिटं पुढे महाग होतील. तुमच्या सायकलच्या चाकात हवा भरून ठेवायला मन्याला सांगा, आणि त्याचा कटर आम्ही येताना आणतो, तोवर त्याने पकडीला हात लावू नये.