अँटेनांच्या भरवशावर

राऊटरच्या खोक्यावर अँटेना ठळक छापतात, वेगाचा भलामोठा आकडाही छापतात. फ्लॅश मेमरी किती, हे मात्र सहसा नाही. ओपनडब्ल्यूआरटी हे खुले फर्मवेअर राऊटरवर चढवायचे तर गाडे नेमके तिथेच अडते. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅममध्ये आजची आवृत्ती मावत नाही. १६ आणि १२८ असेल तर हातपाय पसरता येतात. बरे, मॉडेलच्या नावावर विसंबावे, तर तेही फसवे. लिंकसिसच्या ज्या डब्ल्यूआरटी५४जीने हा छंद लावला, त्याच्याच २००५ च्या पाचव्या आवृत्तीतून कंपनीने लिनक्स काढले, फ्लॅश २ एमबीवर आणली, आणि शौकिनांना जुनाच ऐवज नावापुढे ‘एल’ लावून वेगळा विकला! तेव्हा खरी जन्मपत्रिका बुडाच्या स्टिकरवर, ‘व्ही ५’ अशा बारीक अक्षरांत असते.

मग सगळ्यात महागडा घ्या, प्रश्न मिटला? मिटत नाही. आत ब्रॉडकॉमची नवी वायफाय चिप निघाली, तर खुले ड्रायव्हर जवळजवळ नाहीतच. आठ अँटेना नुसती शोभा. त्यापेक्षा मीडियाटेकचा स्वस्त डबा निमूट चालतो. ‘कंपनीचे फर्मवेअर काय वाईट?’ हा आक्षेप रास्त आहे, अपडेट येत आहेत तोवर. ते किती वर्षे येतील, हेही खोक्यावर बहुधा छापलेले नसते.